अक्रोडाचा काही दोष नाही

देरेबाशीत अक्रोड उतरायला लागले की सगळ्या गावाचे हात काळे होतात आणि अर्ध्या गावाची तोंडं येतात. हातांचा काळेपणा साबणाला दाद देत नाही, तो थंडी पडली की आपला आपण जातो. तोंड मात्र दही खाल्लं आणि दोन दिवस गप्प बसलं की बरं होतं. गप्प बसणं अवघड, म्हणून देरेबाशीत ते जरा उशिराच बरं होतं. ओल्या सालीचा रस ओठाला लागतो, कोवळा गर जिभेला चावतो, त्यात नवल ते काय, असं गाव मानतं. तोंड आलं म्हणून डॉक्टरकडे गेलेला माणूस देरेबाशीत अजून जन्माला यायचा होता.

मुनीरेचा उजवा डोळाही त्याच अक्रोडाच्या नावावर होता. ऐन तारुण्यात साल सोलताना रस उडाला आणि डोळा गेला, ही गोष्ट गावातल्या पोराटोरांना पाठ होती. मोसम आला की आया मुलांना दटावायच्या, तोंड लांब धर, नाहीतर मुनीरेकाकूसारखा डोळा जाईल. मुनीरे ते ऐकायची आणि पुढे चालू लागायची.

खरी हकीकत अशी, की तो डोळा आजारानं गेला होता. अंकाराच्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी तिच्या आईला समोर बसवून सांगितलं होतं: हिचं सारखं तोंड येतं, नडग्यांवर लाल गाठी येतात, आडजागी जखमा होतात, आणि आता डोळा आतून सुजून गेला, हे वेगवेगळे भोग नाहीत, एकच आजार आहे, त्याचं नाव बेह्चेत. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "ते आडजागेचं लोकांना सांगावं लागतं का?" डॉक्टर म्हणाले, लोकांना कशाला सांगायचं. आईला तेवढंच हवं होतं. परत येताना बसमध्येच तिनं अक्रोडाची गोष्ट रचली, कारण मुनीरेच्या पाठच्या दोघी अजून उजवायच्या होत्या. चोर सोडून संन्याशाला फाशी ती अशी. पुढे आई गेली, बहिणी लांबच्या गावी नांदायला गेल्या, गोष्ट मात्र गावात राहिली, आणि मुनीरेनंही ती कधी खोडली नाही. औषधं ती स्वयंपाकघरात पाठ फिरवून घ्यायची. कुणी पाहिलंच तर रक्तदाब म्हणायची. खरं काय ते फक्त तिच्या नवऱ्याला, हिदिरला, ठाऊक होतं, आणि हिदिरकडून गोष्ट फुटायची तर आधी हिदिरनं तोंड उघडायला हवं.

त्या वर्षी मुनीरेचा धाकटा भाऊ बेकिर याच्या अंगणात सोलणी चालली होती. पुरुष झाडांवर चढून लांब काठ्यांनी झोडपत होते, बायका खाली ढिगाभोवती बसून साली काढत होत्या. बेकिरची मुलगी एल्मास हिच्या लग्नाचा शब्द नुकताच पक्का झाला होता. लाल फितीत बांधलेल्या अंगठ्या दोघांच्या बोटांत घालून फीत कापून झाली होती, आणि येत्या रविवारी साखरपुड्याचं जेवण होतं. मुलाची, म्हणजे जाफेरची, आई फिदान होणाऱ्या सोयऱ्यांना मदत म्हणून आली होती. हात तिचे चालत होतेच, पण त्याहून जास्त डोळे चालत होते.

एल्मास काळा चष्मा लावून बसली होती. ऊन होतं, म्हणून कुणी काही म्हटलं नाही. जेवताना तिनं गव्हाच्या कण्यांच्या बुलगूरला हात लावला नाही, नुसतं दही घेतलं, तेही चमचा ओठांना लागू न देता. तोंड आलंय वाटतं, बायका म्हणाल्या आणि हसल्या. मुनीरेचं लक्ष मात्र तिच्या बसण्याकडे होतं. लाकडी स्टुलावर पोर धड बसत नव्हती. एका मांडीवर भार टाकायची, मग दुसऱ्या, मग उगाच पाणी आणायला उठायची आणि आली की कडेला टेकायची. तसं बसणं मुनीरेनं स्वतः काढलं होतं. 

हात धुवायला म्हणून ती एल्मासच्या मागोमाग ओढ्यावर गेली.

"किती दिवस झाले?" तिनं विचारलं.

"कशाला?"

"बसता येत नाही, त्याला."

एल्मासनं वळून अंगणाकडे पाहिलं. "आत्या, मला विचारू नकोस. आईनं भाकरीवर हात ठेवून शपथ घ्यायला लावलीय. कुणाशी बोलायचं नाही."

"मग बोलू नकोस. मी बोलते, तू मान हलव. तोंड वर्षभर येतं? अक्रोड नसतानासुद्धा?"

मान हलली.

"नडग्यांवर लाल गाठी?"

मान हलली.

"आणि खाली जखमा?"

मान हलली नाही, पण चष्म्याच्या खालून पाणी यायला लागलं. मग शपथ आपोआप मोडली. "उजेड टोचतो गं. माणसांभोवती धुकं दिसतं. डाव्यानं जास्त. आणि मी अक्रोड खातच नाही. शाळेत होते तेव्हापासून तोंडात घातलेला नाही, तुझ्यासारखं होऊ नये म्हणून. सगळे खातात, मी बघत बसते. तरी मलाच कसं होतं?"

याच्यापेक्षा कुणी थोबाडीत मारली असती तर मुनीरेला बरं वाटलं असतं. आईची ती गोष्ट दोन बहिणींच्या लग्नापुरती होती. ती पुढे कुठवर जाईल, कोणत्या घरात शिरेल, याचा विचार कुणीच केला नव्हता. एवढी वर्षं ही पोर खोट्या शत्रूपासून जपत राहिली आणि खरा शत्रू आरामात घरात बसून होता. मुनीरेला लाज वाटली, आणि ती लाज आडजागेच्या जखमांच्या लाजेपेक्षा कितीतरी जड होती.

"आत्या," एल्मासनं आवाज आणखी खाली आणला, "खालचं ते वाईट चालीच्या मुलींना होतं का? मी तर जाफेरशी धड बोललेसुद्धा नाही."

"मला झालं होतं. माझी चाल वाईट आहे का?"

"नाही. जीभ वाईट आहे, असं आई म्हणते."

"तुझ्या आईचं खरं आहे. उद्या माझ्याबरोबर अंकाराला चल."

"रविवार होऊ दे," एल्मास म्हणाली. "आता काही निघालं तर आई जीव देईल."

मुनीरे तिथून थेट स्वयंपाकघरात गेली. भावाची बायको दोंदू चुलीपाशी पाहुण्यांचा चहा गाळत होती. दोंदू वाईट बाई नव्हती. मुलगी उजवण्याच्या दिवसांत आईची जी गत होते ती तिची झाली होती: कान फक्त होकार ऐकत होते.

"दोंदू, पोरीला डॉक्टरला दाखवायला हवं. लगेच."

"तोंड आलंय हो वन्सं. मोसम आहे."

"आणि डोळे?"

"धूळ. वर दिवसभर काठ्या चालतात, कचरा उडतो."

"आणि बसता येत नाही, ते? तिथं पण कचरा उडाला?"

दोंदूनं चहाचं भांडं खाली ठेवलं आणि दार लावून घेतलं. "हळू बोला. फिदानबाईंचे कान सशाचे आहेत. हे बघा वन्सं, तुमचा डोळा गेला, पण संसार टिकला. माझ्या पोरीला आधी नवरा मिळू दे, डोळ्याचं मग बघू."

"मग बघायला डोळा राहायला हवा ना."

"तुमचा अक्रोडानं गेला. त्याचा हिच्याशी काय संबंध?"

मुनीरेनं तेव्हा तिला खरं काय ते सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा हिदिरशिवाय कुणाला सांगितलं. दोंदू ऐकताना पांढरी पडली, पण तिचं डोकं भलत्याच वाटेनं धावलं.

"म्हणजे आमच्या घरात आजार आहे, आणि तो तुमच्या रक्तातून आलाय. हे जर सोयऱ्यांना कळलं, तर एल्मास तर राहिलीच, पण तिच्या चुलतबहिणींनाही कुणी करणार नाही. वन्सं, तुमच्या पाया पडते. झाकली मूठ सव्वा लाखाची. एवढी वर्षं झाकलीत, अजून रविवारपर्यंत झाका."

"मी झाकली म्हणूनच तुझी पोर आज धुक्यात बसलीय."

 दोंदूनं दार उघडलं, चेहऱ्यावर हसू चढवलं आणि चहाचं तबक घेऊन बाहेर गेली. त्यानंतर एल्मासला तिनं आत्याच्या जवळपास फिरकू दिलं नाही.

घरी आल्यावर मुनीरेनं हिदिरला सगळं सांगितलं. हिदिर काठीचं टोक तासत बसला होता.

"बेकिरला सांग," तो म्हणाला. "बाप आहे."

"काय सांगू? तुझ्या मुलीला अमुक जागी जखमा आहेत? बहिणीनं भावाला? अहो, मी तो शब्द काढायच्या आत तो उठून अंगणातून पळेल."

हे हिदिरलाही पटलं.  तो म्हणाला, "मग गावाला सांग. भावाला सांगता येत नाही, गावाला येतं. बेकिरही गावातच राहतो."

हे तो गमतीनं म्हणाला की खरंच, ते मुनीरेला लग्नाला इतकी वर्षं होऊनही ओळखता आलं नाही. पण त्याचं वाक्य तिच्या डोक्यात बसलं ते बसलंच. एखाद्या घरात जाऊन सांगितलं तर ते त्या घराचं होतं. सगळ्यांना एकदम सांगितलं तर कुणाचंच नाव येत नाही.

देरेबाशीत सगळ्यांना एकदम सांगायचं म्हणजे मुख्तारचा भोंगा. गावचा प्रमुख मुख्तार सातल्मुश याच्या कचेरीत एक माइक होता आणि मशिदीच्या भिंतीला चार दिशांना चार कर्णे. वासरू हरवलं, गॅसची गाडी आली, तालुक्याच्या गावाहून, कामानहून दातांचा डॉक्टर येणार आहे, अमक्याच्या घरी मयत झाली, सगळं त्यातूनच कळायचं. त्यातून बाईचा आवाज मात्र कधी आला नव्हता. मनाई नव्हती, कुणी मागितलाच नव्हता.

सकाळी, लोक झाडांकडे निघायच्या आधी, मुनीरे कचेरीत गेली.

"काय गं, कोंबडी हरवली?" मुख्तारनं विचारलं.

"नाही काका. आरोग्याचं सांगायचंय. मीच सांगते, तुम्हाला ती नावं यायची नाहीत."

मुख्तारला ते लसबिशीचं वाटलं. त्यानं कळ दाबली, दोनदा माइकवर फुंकर मारली आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली. त्याची बायको झेकिये तेवढ्यात चहा घेऊन आली होती, ती दारातच उभी राहिली.

"मी मुनीरे बोलतेय, हिदिरची बायको," मुनीरेनं सुरुवात केली. आपलाच आवाज डोंगराला लागून परत आल्यावर ती क्षणभर दचकली. "माझा डोळा अक्रोडानं गेला असं तुम्ही ऐकलंय. ते खोटं आहे. अक्रोडाचा काही दोष नाही. मला बेह्चेत नावाचा आजार आहे. आपल्याच देशातल्या एका डॉक्टरचं नाव आहे त्याला. जगात सगळ्यात जास्त तो आपल्याकडेच आहे, आणि आपल्यालाच ठाऊक नाही. अंगाची राखण करणारी जी शक्ती असते ना, तीच अंगावर उलटते. कुंपणच शेत खातं. आधी तोंड येतं. तुम्ही म्हणाल, सगळ्यांचंच येतं. पण ज्याचं अक्रोड नसताना, वर्षभर, पुन्हा पुन्हा येतं, आणि जोडीला खाली, आपण लाज झाकतो तिथं जखमा होतात..."

मुख्तारचा हात कळीकडे गेला. झेकियेनं तबक टेबलावर आपटलं आणि त्याच्या हातावर आपला हात ठेवला. "राहू दे. मला ऐकायचंय."

"...त्यानं ऐकावं," मुनीरे पुढे बोलत होती. "बायकांना होतात तशा पुरुषांनाही होतात, आणि जवान पुरुषांचा डोळा तर जास्तच जातो. या जखमा वाईट चालीनं होत नाहीत. नवऱ्याकडून येत नाहीत, नवऱ्याला जात नाहीत. एका ताटात जेवल्यानं, एका टॉवेलानं पसरत नाहीत. काहींच्या नडग्यांवर लाल गाठी येतात. काहींना सुई टोचली तरी तिथं पुळी उठते. अक्रोड खाल्ला, वांगं खाल्लं की काहींचं तोंड जास्त चिडतं, पण आजार अक्रोड देत नाही. आणि डोळा लाल होऊन दुखायला लागला, उजेड टोचला, माणसांभोवती धुकं दिसलं, तर थांबायचं नाही. मी थांबले होते. कापणी होऊ दे, सण होऊ दे, असं करत थांबले. नंतर औषध सुरू झालं म्हणून दुसरा डोळा राहिला. आजार मुळापासून जात नाही, पण ताब्यात राहतो. बाई चालते, स्वयंपाक करते, भांडतेसुद्धा, तुम्ही बघताच. ज्याला वाटेल त्यानं माझ्याकडे यावं. अंकाराची वाट मला ठाऊक आहे, मी बरोबर येईन, कुणाला काही विचारणार नाही. झालं. आणि गॅसची गाडी उद्या येणार आहे, असं मुख्तारकाका सांगतात."

कळ बंद झाली. मुख्तारनं कपाळ पुसलं. "गॅसची गाडी परवा आहे," तो म्हणाला. 

त्या दिवशी देरेबाशीत काठ्या जरा उशिरा चालू झाल्या. मुनीरे रस्त्यानं जाताना बायका साली काढता काढता थांबायच्या आणि ती पुढे गेली की पुन्हा सुरू करायच्या. दुपारी बेकिर आला. फाटकाच्या आत पाऊल न टाकता जमिनीकडे बघत उभा राहिला.

"ताई, सगळ्या गावानं ऐकलं."

"ऐकायलाच सांगितलं."

"मला सांगायचं होतंस."

"तू ऐकून घेतलं असतंस?"

बेकिरनं बुटाच्या टोकानं माती उकरली. त्याचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला होता. "नसतं," असं म्हणून तो निघून गेला.

मुनीरेनं एल्मासचं नाव घेतलं नव्हतं, पण फिदान काही दूधखुळी नव्हती. काळा चष्मा, दही आणि ते स्टुलावरचं बसणं, तिनं तिन्ही गोष्टी एकमेकींना जोडल्या. संध्याकाळीच ती दोंदूकडे गेली, गोड बोलली, चहा प्यायली, आणि जाता जाता म्हणाली, आमचं काही म्हणणं नाही, पण डॉक्टरनं एकदा तपासून मुलगी ठणठणीत आहे असं लिहून दिलं की रविवारचं नक्की करू. दोंदू रागानं तरातरा मुनीरेच्या दारात आली.

"घातलीत ना काडी? आता अंकाराला घेऊन चला. तिथल्या मोठ्या डॉक्टरकडून लिहून आणायचंय, माझी पोर निरोगी आहे म्हणून. मग तो कागद मी तुमच्या त्या भोंग्यावरून वाचून दाखवते."

मायेनं जे झालं नाही ते अपमानानं झालं. मुनीरेला राग येण्याऐवजी हायसं वाटलं. ती म्हणाली, "चला. पहिली गाडी पकडू."

अंकाराच्या इस्पितळातला तो बोळ मुनीरेच्या पायाखालचा होता. एल्मासला तपासायला आत घेतलं, दोघी बाहेर बाकावर बसल्या. प्रवासभर दोंदू तिच्याशी बोलली नव्हती, इथंही बोलली नाही. पण बोळात माणसं होती, त्यातली बरीच काळ्या चष्म्यातली, आणि दोंदूला गप्प बसवेना. शेजारच्या म्हाताऱ्याला तिनं विचारलं, कुठले. तो उर्फाचा होता, नातवाला घेऊन आलेला.

"आमच्याकडे वांग्यानं होतं म्हणतात," म्हातारा म्हणाला. "पोरानं पाच वर्षं वांगं टाकलं. काय उपयोग झाला?"

"आमच्याकडे तंदूरचा धूर," पलीकडची चोरुमची बाई म्हणाली. "सासूनं माझं भाकऱ्या भाजणं बंद केलं. तेवढंच सुख मिळालं, डोळा काही राहिला नाही."

भिंतीला टेकलेला एक जवान पोरगा हसला. तो वानचा होता, मेंढपाळ. "आमच्याकडे बर्फाची चमक. म्हणून मी उन्हाळाभर बिनघोर होतो."

मग चोरुमच्या बाईनं दोंदूकडे पाहिलं. "आणि तुमच्याकडे, बहीण?"

दोंदूनं पदरासारखा डोक्याचा रुमाल पुढे ओढला. तिनं आपल्या काळ्या बोटांकडे पाहिलं. "अक्रोड," ती म्हणाली. "आमच्याकडे अक्रोड म्हणतात."

कुणी हसलं नाही. म्हाताऱ्यानं मान डोलावली, जणू त्यालाही ते खरंच वाटलं असावं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि घाईत होत्या. हो, बेह्चेतच आहे, त्या म्हणाल्या. डाव्या डोळ्याला धक्का बसलाय, उजव्यात नुकतं सुरू झालंय. आजपासून औषध चालू करू, काही दिवस इथं ठेवून घेऊ, दोन्ही डोळे वाचतील असं मला वाटतं. पण औषध चुकवायचं नाही. बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही आणि सासरी कळेल म्हणून लपवायचं नाही. लपवलेलं औषध वेळेवर घेतलं जात नाही, हे मी रोज बघते.

दोंदूनं त्यांच्याकडे कागद मागितला नाही. ती बोळात परत आली तेव्हा तिचा फोन वाजत होता. फिदान.  पोरीचा डोळा आता डॉक्टरांच्या हातात नव्हता, या फोनवर होता. दोंदू एकदा धूळ म्हणाली की एल्मास गोळ्या उशीच्या अभ्र्यात लपवत आयुष्य काढणार, आणि गोळ्या लपवणाऱ्या बाईला रोजच्या रोज गोळी मिळत नाही.

लांबच्या गावाला ऐकू जायचं म्हणजे ओरडायला हवं, असं दोंदू मानायची. "हो फिदानबाई, तपासलं," ती ओरडली. सगळा बोळ तिच्याकडे बघायला लागला. "आजार आहे. मुनीरेवन्संना आहे तोच. तोंडात आहे, डोळ्यांत आहे, खाली पण आहे. हो, खाली. ऐकलंत ना भोंग्यावर? तेच. औषध कायमचं आहे. पोर येईल तर औषध घेऊनच येईल, आणि ते चुलीपुढे सगळ्यांसमोर घेईल. चालत असेल तर सांगा."

पलीकडून काय उत्तर आलं ते मुनीरेला ऐकू आलं नाही. दोंदूनं फोन पिशवीत टाकला. "घरी विचारून कळवते म्हणाली," असं म्हणून ती रुमालात तोंड खुपसून रडायला लागली, आणि चोरुमच्या बाईनं तिला पाणी दिलं.

फिदाननं घरी विचारलं, आणि घरच्यांनी जे सांगायचं तेच सांगितलं. एल्मास गावी परतली, औषधानं तिचा चेहरा भाकरीसारखा गोल झाला, डोळ्यांतलं धुकं हळूहळू विरलं, आणि पहिलं बर्फ पडायच्या आत एका दुपारी फिदानची जाऊ येऊन रुमालात बांधलेली अंगठी परत देऊन गेली. दोन शब्द बरे बोलून गेली, पण अंगठी ती अंगठी.

थोड्या वेळानं दोंदू धावत मुनीरेकडे आली. पायात एक चप्पल तिची होती, एक बेकिरची.

"वन्सं, अंगठी परत आली."

मुनीरेनं मान खाली घातली. आता शिव्यांची बरसात होणार, आणि ती आपण ऐकून घ्यायची, असं तिनं ठरवलं.

"ते जाऊ दे," दोंदू म्हणाली. "कार्टीनं गोळ्या परसात फेकल्यात. पाकिटातून काढून काढून, सगळ्या. मला आता आंधळीच होऊ दे म्हणते. कामानला गाडी उद्याशिवाय नाही आणि कोंबड्या मोकळ्या आहेत. चला लवकर."

परसात कोंबड्यांपुढे नुकताच दाणा टाकलेला होता. मक्याच्या कण्या, खडे, जुनी पिसं, आणि त्यात कुठंतरी त्या बारीक पांढऱ्या गोळ्या. दोंदू गुडघ्यांवर बसली आणि एका हातानं कोंबड्या हाकलत दुसऱ्यानं माती चाळायला लागली. हीच बाई दोन महिन्यांपूर्वी आधी नवरा, मग डोळा म्हणाली होती. तिच्या कोपरांपर्यंत शेण लागलं होतं आणि तिचं त्याकडे लक्ष नव्हतं. मुनीरे तिच्या बाजूला बसली. एका डोळ्यानं कणी कोणती आणि गोळी कोणती ते तिला कळेना. तिनं गोळी म्हणून दोनदा खडा उचलला. दोंदूच्या डोळ्यांत पाणी होतं, तिलाही धड दिसत नव्हतं.

वर खिडकीत एल्मास उभी होती. रडून सुजलेलं तोंड, गोल गाल, डोळ्यांवर चष्मा नाही. ती खाली बघत होती. तिच्या आईनं हौदाच्या कडेनं हात फिरवला आणि दोन गोळ्या तशाच मागे टाकून ती पुढे सरकली.

"हौदापाशी दोन आहेत," एल्मास वरून म्हणाली.

दोघींनी मान वर केली.

"हौदापाशी, आई. डाव्या हाताला. तिथं नाही, त्या पिसाच्या शेजारी. आणि ती तांबडी कोंबडी एकीवर उभी आहे. आंधळ्या आहात का दोघी?"

"मी अर्धीच आहे," मुनीरे म्हणाली. "तुझ्या आईचं मला माहीत नाही."

एल्मास खिडकीतून बाजूला झाली. जिन्यावर पावलं वाजली आणि ती अनवाणीच परसात आली. तांबडीला तिनं पायानं बाजूला केलं, गोळी उचलली, बाहीला पुसली.

"अगं, धुऊन तरी घे," दोंदू म्हणाली.

"विरघळेल," एल्मास म्हणाली. तिनं गोळी गिळली आणि बाकीच्या वेचायला खाली बसली.